युरेल पास: एका पासवर सगळा युरोप खरंच फिरता येतो का?

‘एक पास, ३३ देश, वाटेल त्या ट्रेनमध्ये बसा!’ अशी रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. खिडकीबाहेर आल्प्स, हातात कॉफी आणि कमेंट्समध्ये एकमेकांना टॅग करणारे मित्र. तसंही १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’पासून युरोपातली ट्रेन हे आपल्याकडे अनेकांचं स्वप्न आहे.

पण रीलमध्ये एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. पासात प्रवासाचं भाडं येतं, सीटचे पैसे मात्र बऱ्याच ठिकाणी वेगळे मोजावे लागतात. पास स्वस्तात पडणार की महागात, हे बरंचसं यावरच ठरतं. म्हणूनच पैसे भरण्याआधी हे गणित समजून घेऊ.

युरेल आणि इंटररेलमध्ये फरक काय?

युरेल पास १९५९ साली युरोपाबाहेरून येणाऱ्या पर्यटकांसाठी सुरू झाला. १९७२ मध्ये युरोपातच राहणाऱ्या तरुणांसाठी इंटररेल आला. पुढे तो सगळ्या वयोगटांना खुला झाला. आता दोन्ही पास ३३ देशांत चालतात.

यातला कोणता पास घ्यायचा हे पासपोर्टवर नाही, तुम्ही राहता कुठे यावर ठरतं. पुण्याहून जाणाऱ्याला युरेल. जर्मनीत एमएस करणाऱ्या त्याच्या मित्राला, पासपोर्ट भारतीय असला तरी, इंटररेल. इंटररेलवाल्यांना एक अट जास्त आहे. ते राहतात त्या देशात पासवर एकदा बाहेर पडताना आणि एकदा परत येताना एवढाच प्रवास करता येतो.

दोन्हींत ‘ग्लोबल पास’ अनेक देशांसाठी आणि ‘वन कंट्री पास’ एकाच देशासाठी असतो. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना आणि ६० वर्षांवरच्या ज्येष्ठांना पास स्वस्त पडतो. ४ ते ११ वर्षांच्या मुलांचा पास मोठ्यांसोबत मोफत निघतो, एका मोठ्या माणसामागे दोन मुलं.

‘ट्रॅव्हल डे’ म्हणजे काय?

काही पास सलग दिवसांचे असतात. बहुतेक पर्यटकांच्या सोयीचे असतात ते ‘फ्लेक्सी’ पास, उदाहरणार्थ एका महिन्यात कोणतेही ७ दिवस. ज्या दिवशी पास वापराल तो ‘ट्रॅव्हल डे’. रात्री १२ पासून पुढच्या रात्री १२ पर्यंत कितीही गाड्या बदला, दिवस एकच मोजला जातो.

रात्रीच्या गाडीत इथे फायदा होतो. रात्री १० ला निघून सकाळी पोचणाऱ्या गाडीला फक्त निघण्याचा दिवस लागतो. मध्यरात्रीनंतर दुसरी गाडी पकडली, तर मात्र पुढचा दिवसही खर्ची पडतो.

मग सीटचे पैसे कुठे लागतात?

मुंबई लोकलचा पास खिशात असला म्हणून वंदे भारतमध्ये बसता येत नाही. युरेल पास तितका कडक नाही, पण वेगवान गाड्यांचा नियम वेगळा आहे.

• फ्रान्स, इटली, स्पेन: टीजीव्ही, फ्रेच्चारोस्सा, आवे या वेगवान गाड्यांत सीट रिझर्व्हेशन सक्तीचं आहे. देशांतर्गत गाड्यांना साधारण १० ते २० युरो धरून चाला.

• युरोस्टार: लंडन-पॅरिससाठी रिझर्व्हेशन त्याहून महाग आहे. शिवाय पासवाल्यांच्या सीट मोजक्याच असतात. गाडीत जागा असूनही पासवाल्यांचा कोटा संपलेला असू शकतो.

• जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स: देशांतर्गत बहुतेक गाड्यांत थेट चढा. पास खऱ्या अर्थाने वसूल होतो तो इथे.

• रात्रीच्या गाड्या: सीट असो की बर्थ, रिझर्व्हेशन लागतंच. बर्थचे पैसे जास्त.

थोडी वाट बदलली तर हे पैसे वाचतात. स्वित्झर्लंडच्या बर्निना एक्सप्रेसला रिझर्व्हेशन लागतं, पण त्याच रुळांवरून धावणाऱ्या साध्या गाडीला लागत नाही. डोंगर, पूल, बोगदे सगळे तेच. वर खिडक्या उघडता येतात, त्यामुळे फोटोही चांगले येतात.

पास परवडतो का, हे कसं ठरवायचं?

समजा, ७ दिवसांचा पास ३५० युरोला पडला आणि रिझर्व्हेशनला ७० युरो गेले. एकूण ४२०, म्हणजे दिवसाला ६० युरो. आता तुमच्या प्लॅनमधल्या प्रत्येक दिवसाचं साधं तिकीट रेल्वेच्या साइटवर बघा. बेरीज ४२० च्या खाली येत असेल तर पास नको.

दोन-तीन महिने आधी काढलेली तिकिटं बऱ्याचदा पासपेक्षा स्वस्त पडतात. फक्त ती ठरावीक गाडीचीच असतात आणि सहसा पैसे परत मिळत नाहीत. तारखा पक्क्या असतील तर तिकीट, ‘जिथे आवडेल तिथे राहू’ असा बेत असेल तर पास.

छोट्या प्रवासावर ट्रॅव्हल डे उडवू नका. फ्लॉरेन्सहून पिसाचा झुकता मनोरा बघायला तासाभराची साधी गाडी आहे, तिचं तिकीट १० युरोच्या आसपास असतं. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून देशभर सेकंड क्लासचा प्रवास मोफतच आहे. शहरांतल्या मेट्रो आणि ट्राम सहसा पासात येत नाहीत, तो खर्च वेगळा धरा.

व्हिसाचं काय?

पास ३३ देशांचा असला तरी शेंगेन व्हिसा त्या सगळ्यांत चालत नाही. ब्रिटन, आयर्लंड, तुर्कस्तान, सर्बिया हे देश पासात आहेत, शेंगेनमध्ये नाहीत.

पॅरिसहून दोन दिवस लंडनला जाऊन परत यायचं असेल, तर भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागेल. शिवाय शेंगेन व्हिसाही मल्टिपल एंट्रीचा हवा. सिंगल एंट्री असेल तर लंडनहून परतीची वाट बंद. त्यामुळे आधी मार्ग ठरवा, मग व्हिसा काढा आणि पास सगळ्यात शेवटी घ्या.

निघण्याआधी एवढं करा

१. पास ‘रेल प्लॅनर’ ॲपवर चालतो. खरेदीनंतर ११ महिन्यांच्या आत तो सुरू करावा लागतो.

२. गाडीत चढण्याआधी तो प्रवास ॲपमध्ये जोडा. टीसी आल्यावर जोडायला गेलात, तर दंड होऊ शकतो.

३. तीन दिवसांतून एकदा तरी ॲप इंटरनेटला जोडा आणि फोनची बॅटरी सांभाळा.

४. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. पासवरचं नाव त्याच्याशी जुळतं का, हे तपासलं जातं.

५. युरोस्टार, टीजीव्ही आणि रात्रीच्या गाड्यांचं रिझर्व्हेशन सगळ्यात आधी करा. तिथे पासवाल्यांना सीट मिळत नसेल तर मार्ग बदला, पण पास घेण्याआधी.