पाव मिलिमीटरचा फरक

फ्रँक हॉर्नबी हा लिव्हरपूलमधल्या, मांस आयात करणाऱ्या एका पेढीत हिशेब लिहायला होता, हे वाचल्यापासून माझी मान जरा ताठ झाली आहे. एरवी कारकुनाच्या हातून जगात काही नवं घडतं यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास नाही. पण या गृहस्थाने दिवसा खतावण्या लिहिल्या आणि फावल्या वेळात आपल्या पोरांसाठी पत्र्याच्या पट्ट्या कापून त्यांना भोकं पाडली. १९०१ साली त्याचं पेटंटही घेतलं. आपण लहानपणी ज्या शेजाऱ्याकडे मेकॅनो होता त्याच्याशीच मैत्री करत असू, तो मेकॅनो म्हणजे हाच. पुढे १९२० साली हॉर्नबीने किल्लीची आगगाडी काढली आणि पोरांच्या बापांचीही सोय झाली.

बापांची म्हणतो ते उगाच नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय आहे. १९८२ साली त्यांनी गोखले हॉलमध्ये या गाड्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. पण हॉलमधलं गाव म्हणजे लग्नाचा मांडव. कितीही हौसेने घाला, शेवटी सोडायचाच. कायमचं संग्रहालय सुरू झालं ते १ एप्रिल १९९८ रोजी. आमच्या बँकेचा हा वर्षाचा हिशेब मिटवण्याचा दिवस. त्या दिवशी कुणी काही सुरू करतं, हेच मला नवीन होतं.

भाच्याला घेऊन गेलो. समोर अख्खं गाव पसरलेलं. उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, आणि त्यांच्यामधून वळणं घेत पळणाऱ्या गाड्या. सिग्नल लाल झाला की गाडी थांबते. (शहरातल्या रिक्षावाल्यांना एकदा सहकुटुंब दाखवून आणावं.) मग अंधार करतात आणि त्या गावात रात्र होते. खिडक्या उजळतात, रस्त्यावरचे दिवे लागतात, आणि डब्यांच्या उजेडाची एक रेघ बोगद्यात शिरून पलीकडून निघते. पोरं पाच मिनिटांत "मामा, तलावात पाणी खरं आहे का?" यावर येतात. बाप मात्र पोरांना बाजूला सारून पुढे सरकलेले असतात. एकाने तर मुलाला खांद्यावरून उतरवला, कारण त्याच्या पायांमुळे यार्ड दिसत नव्हतं!

मी मात्र रूळ बघत होतो. सवय, दुसरं काय. चित्र बघायला गेलो तरी आधी चौकट काटकोनात आहे का ते बघतो.

खेळण्यातल्या गाड्यांच्या रुळांना ठरलेली मापं आली ती जर्मनीच्या मार्कलिन कंपनीमुळे, १८९१ साली, लाइपझिगच्या जत्रेत. तिथून मापं लहान लहान होत आजच्या 'एच-ओ'पर्यंत आली. एच-ओ म्हणजे खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. युरोपातल्या बहुतेक रुळांमधलं अंतर चार फूट साडेआठ इंच. त्याचे या हिशेबाने साडेसोळा मिलिमीटर होतात. ताळा जुळला. पण साहेबाच्या देशातले बोगदे आणि पूल पहिल्यापासून आखूड, म्हणून तिथली इंजिनंही अंगाने बारीक. साडेतीनच्या मापाने ती बनवली तर पोटात त्या वेळची मोटर मावेना. मग त्यांनी काय करावं? इंजिन फुटाला चार मिलिमीटरने फुगवलं आणि रूळ साडेसोळाचेच ठेवले! चाराच्या हिशेबाने ते १८.८३ हवेत. हॉर्नबी १९३६ साली वारला आणि १९३८ साली त्याच्या कंपनीने हीच मापं 'डब्लो' नावाने बाजारात आणली. हिशेबनिसाची पाठ वळली की असंच होतं. तो २.३३ मिलिमीटरचा फरक तेव्हापासून आजतागायत पुढे ओढला जातो आहे. आमच्याकडे एवढ्या जुन्या नोंदीवर तीन इन्स्पेक्टर रिटायर झाले असते.

आता हसायला आपल्याला जागा नाही. मी मिरजेचा. माझ्या लहानपणी मिरज जंक्शनात तीन मापांचे रूळ होते. पुण्याकडे ब्रॉडगेज, बेळगावकडे मीटरगेज आणि पंढरपूरकडे नॅरोगेज. ही तिसरी म्हणजे बार्शी लाईट. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांवर ती बसवली. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही, हा त्याचा हट्ट. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली. त्याआधी गाड्या बोटीत चढवण्यापूर्वी लीड्सजवळ रूळ टाकून त्याने त्या लोकांना चालवून दाखवल्या होत्या. म्हणजे वारकऱ्यांच्या गाडीचंही आधी प्रदर्शनच झालं.

त्या गाडीने मी आजीबरोबर आषाढीला जात असे. खिडकीतून हात काढला तर बाभळीला लागायचा. आजी "हात आत घे रे" म्हणायची आणि स्वतः मात्र बाहेर हात जोडून बसायची, कारण पंढरपूर कुठल्या वळणानंतर येतं याचा तिला भरवसा नव्हता. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. सोय झाली, कुणाची तक्रार नाही, माझीही नाही. पण भाच्याला मी "आम्ही एवढ्याशा गाडीने जायचो" म्हणून हात पसरून दाखवतो, तेव्हा तो मोठ्यांच्या थापा ऐकताना करतात तसा चेहरा करतो. कोथरूडच्या त्या रोषणाईत मी तीच गाडी शोधत होतो, हे त्याला सांगितलं नाही.

घरी येऊन कॅल्क्युलेटर काढला. एच-ओच्या मापाने आपलं साडेपाच फुटी ब्रॉडगेज १९.२५ होतं, रूळ मिळतात साडेसोळाचे. पावणेतीनची खोट. मीटरगेज होतं साडेअकरा, रूळ मिळतात बाराचे. बार्शी लाईट ८.७५. आणि नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात सर्रास मिळतात!

तीनदा पडताळलं. फरक फक्त पाव मिलिमीटर.

परवा शोकेसवरच्या बाहुल्या उचलून मी टेपने लांबी घेत होतो. सौभाग्यवतीने विचारलं, "काय चाललंय?"

"काही नाही," म्हटलं, "कवठेमहांकाळ बसतंय का बघतोय."