सौम्य पानाची पारख

उळवीचे नाव घेतले की चन्नबसवण्णांची समाधी आणि माघातली जत्रा ही दोनच चित्रे प्रथम डोळ्यांपुढे येतात. बेळगाव-धारवाडकडून बैलगाड्या जोडून येणारे भाविक, घनदाट रान आणि मुक्कामी सुटणारी पान-तंबाखूची चंची. यांतली समाधी बाराव्या शतकाची. चंचीतला तंबाखू मात्र त्या मानाने कालचा पाहुणा आहे. कल्याणहून शरण या रानात आले, तेव्हा समुद्राच्या अलीकडे हे पान कोणाला ठाऊकही नव्हते. मुसळधार पावसाच्या या डोंगराळ मुलखात आजही तंबाखूचे पीक म्हणावे असे नाही. तरीही या पानाच्या इतिहासातली तीन महत्त्वाची स्थळे उळवीच्या आसपास आहेत: पश्चिमेस गोवा, ईशान्येस विजापूर आणि उत्तरेस निपाणी. चांगले पान कोणते, सौम्य कोणते, आणि हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न या तिन्ही ठिकाणी निरनिराळ्या रूपांत विचारला गेला. आज उंची सौम्य सिगारची चव घेऊन तिच्यावर मत देणाऱ्या शौकिनापुढेही तोच प्रश्न असतो.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. पुढे सतराव्या शतकात ब्राझीलच्या बाहिया प्रांतातला माल गोव्यात उतरू लागला. त्याच्या विक्रीचा मक्ता सरकारी उत्पन्नाची मोठी बाब ठरला आणि तो घेणाऱ्यांत स्थानिक हिंदू व्यापारी पुढे होते. म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या तिजोरीचा एक भाग गोमंतकातल्या ग्राहकाच्या आवडीनिवडीवर अवलंबून होता.

या पानाच्या परीक्षेचा पहिला तपशीलवार प्रसंग विजापूरशी निगडित आहे. अकबराचा वकील असद बेग आदिलशाही दरबारातून १६०४ च्या सुमारास परतला, तो तंबाखू आणि रत्नजडित हुक्का बरोबर घेऊनच. बादशहाने कुतूहलाने काही झुरके घेतले. हकिमाने त्याला आवरले. प्राचीन ग्रंथांत ज्याचा उल्लेख नाही असे औषध कसे द्यावे, हा त्याचा आक्षेप. असद बेगाचे उत्तर त्याच्याच वृत्तांतात नोंदलेले आहे. त्याचा आशय असा, की वस्तूचा अनुभव घेऊन तिचे सर्व गुणधर्म तपासल्यावाचून तिच्यावर निकाल देता येत नाही. अकबराला हा युक्तिवाद आवडला, पण व्यसन त्याने लावून घेतले नाही. अमीर-उमरावांत मात्र ते झपाट्याने पसरले. इतके, की १६१७ मध्ये जहांगीराला मनाईचा हुकूम काढावा लागला. असद बेगाच्या वाक्यातला ‘सर्व’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचेच काम पडणार आहे.

हुक्क्याबरोबर गुंडाळलेल्या पानाचीही परंपरा वाढली. आपला ‘चिरूट’ हा शब्द मूळ तमिळ ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळलेले, यावरून आलेला. तंजावरच्या मराठी राज्याच्या शेजारी तिरुचिरापल्लीत हा चिरूट नावारूपाला आला. त्याचे पान दिंडिगलकडचे. कॉनन डॉयलच्या १८८७ च्या पहिल्या होम्स-कादंबरीत काळपट, पापुद्र्यांच्या राखेवरून तिरुचिरापल्लीचा चिरूट ओळखला जातो. ती अर्थात कादंबरी. पण राखेवरून पान ओळखावे ही दृष्टी खऱ्या पारख्याची आहे.

आजची परीक्षाही बरीचशी अशीच चालते. प्रथम डोळा: बाहेरचे वेष्टन एकसारख्या रंगाचे, जाड शिरा नसलेले हवे. मग बोटे: हलके दाबल्यावर गाठ लागू नये, पोकळीही जाणवू नये. मग नाक. मग टोक छाटून न पेटवता कोरडा झुरका. पेटल्यावर जळण सरळ रेषेत उतरते का, राख टिकते का, आणि आरंभ, मध्य व अखेर या तीन टप्प्यांत चव कशी पालटते, हे पाहायचे. धूर छातीत घ्यायचा नसतो. तो तोंडात खेळवून सोडायचा असतो.

सौम्य सिगार जोखणे हे यांत सर्वांत अवघड. कडक पान आपले दोष तिखटपणात लपवू शकते, सौम्य पानाला तो आडोसा नाही. कच्चे मुरलेले असेल तर अमोनियाचा दर्प तत्काळ नाकाला झोंबतो. हा सौम्यपणा शेतात आणि वखारीत घडवावा लागतो. झाडाच्या वरच्या पानांत निकोटिन अधिक, खालच्यांत कमी. क्यूबातले कारागीर या थरांना खालून वर वोलादो, सेको, लिहेरो अशी नावे देतात आणि सौम्य सिगारमध्ये लिहेरो बेताने घालतात. अमेरिकेत कनेक्टिकट येथे १९०० च्या सुमारास कापडी मांडवाच्या सावलीत वेष्टनाचे पातळ, फिकट पान पिकू लागले. पाने ढीग रचून मुरवली, की त्यांतला उग्रपणा ओसरतो.

परंतु जिभेला सौम्य म्हणजे देहाला सौम्य नव्हे. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. छातीत न घेतलेला धूरही मुखाचा व घशाचा कर्करोग देऊ शकतो.

आता निपाणी. येथल्या काळ्या जमिनीतला तंबाखू विडीचा. शेंडा खुडून आणि बगलफूट काढून झाडाचा जोर मोजक्या पानांत उतरवायचा, उन्हात वाळवायचे, आणि पानाची जाडी व त्यावर उमटलेले तांबूस ठिपके पाहून प्रत ठरवायची. ही पारखही सिगारच्या शौकिनाइतकीच सूक्ष्म. पण तिथे एक भेद होता. शेतकऱ्याला आपल्या पानाची किंमत कळत होती, तरी भाव बोलण्याचा अधिकार व्यापाऱ्याच्या हाती एकवटला होता. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात बारा शेतकरी मारले गेले. याच गावातल्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या स्त्रियाही त्या सुमारास संघटित होत होत्या. ‘युगांतर’ या चित्रपट-गटाने १९८२ मध्ये त्यांच्या लढ्यावर माहितीपट केला. धूर न ओढताही ज्यांच्या छातीत तंबाखूची धूळ रोज जात होती, त्या स्त्रियांना हे पान सौम्य की कडक, असे विचारण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते.

येथे असद बेगाचा ‘सर्व’ हा शब्द पुन्हा समोर येतो. सर्व गुणधर्म पाहावेत, ही त्याची अट रास्त होती. परंतु चारशे वर्षे परीक्षा झाली ती ओढणाऱ्याच्या टोकाकडून. नाक, जीभ आणि राख यांची साक्ष निघाली. खुडणाऱ्या बोटांची आणि चाळणारीच्या छातीची साक्ष निघायला १९८१ साल उजाडावे लागले. उत्तम सौम्य सिगार हे कौशल्याचे फळ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ‘सौम्य’ हे विशेषण ज्या पानाला लावायचे, ते वाफ्यापासून राखेपर्यंत ज्या ज्या हातांतून गेले, त्या सर्वांना विचारल्यावाचून दिलेला निकाल अपुराच राहील.