डोंगरातला वाघ, गोठ्यातला बैल



मागच्या पोळ्याची गोष्ट सांगते. मी आर्वीकडे माहेरी गेले होते. आई ओसरीत बसून लाकडी नंदीला तेल चोळत होती. बाजूला माझी भाची मोबाईलवर गाणं पाहत होती. परदेशी गाणं. रंगीबेरंगी कपडे, डोळ्यांवर काळे चष्मे, अन् नाचणारे सगळे कमरेत वाकून, हात झुलवत, एखादं जनावर दबकत यावं तसे पुढे येत होते.

आईनं विचारलं, "काय गाऊन राह्यले व हे?"

भाची म्हणाली, "आजी, कोरियाचं गाणं आहे. डोंगरातून वाघ खाली येऊन राह्यला म्हणतात."

आई जरा थांबली. मग म्हणाली, "त्यांच्या डोंगरात वाघ आहे का पण?"

भाचीला सांगता आलं नाही. मलाही नाही. पण तो प्रश्न माझ्या मागे लागला. त्याचं उत्तर शोधता शोधता मी कोरियातून फिरून पुन्हा आपल्याच गोठ्यापाशी आले. ते आज तुम्हाला सांगते.

तर आधी उत्तर. नाही. दक्षिण कोरियाच्या जंगलात आज एकही वाघ नाही. अन् गाण्यांत, चित्रांत, खेळांत बघाल तर वाघच वाघ.

एके काळी तिथं वाघ पुष्कळ होते. इतके, की जोसॉन घराण्याच्या राजांनी वाघ मारायला खास शिपाई ठेवले होते. पण लोक त्याला भीत तसे मानतही. तेराव्या शतकातल्या त्यांच्या एका जुन्या ग्रंथात देशाच्या जन्माची कथा आहे. एक वाघ आणि एक अस्वल एका गुहेत राहायचे. दोघांनी देवाला साकडं घातलं, आम्हाला माणूस कर. देवानं लसूण आणि कडू पाला दिला. म्हणाला, शंभर दिवस एवढंच खा, ऊन बघू नका. वाघाला धीर निघाला नाही, तो पळाला. अस्वल टिकलं, आणि एकविसाव्या दिवशी त्याची बाई झाली. तिच्या पोटी दानगुन जन्मला. तो कोरियाचा पहिला राजा म्हणतात. उपास-तापास धरून टिकणारी बाईच, हे ऐकून तुम्हाला हसू आलं असेल. मलाही आलं. पण एका देशानं आपली पहिली आई म्हणून अस्वलीण मानली, हे मला आवडलं.

पुढं तिथल्या साध्या माणसांनी वाघाची चित्रं काढली. झाडाखाली वाघ, फांदीवर एक पक्षी. वाघ डोळे वटारलेला, पण चेहरा बावळट. पाहणाऱ्याला कळायचं, की वाघ म्हणजे मिजासखोर अंमलदार आणि वर बसून त्याला चिडवणारा पक्षी म्हणजे गोरगरीब रयत. तोंडानं बोलायची सोय नव्हती, ते जनावराच्या तोंडून बोलून घेतलं. २०२५ साली 'केपॉप डेमन हंटर्स' नावाचा सिनेमा आला. तुमच्या घरातल्या पोरींना तो ठाऊक असेल. त्यातला निळा वाघ आणि त्याच्या सोबतीचा पक्षी ह्याच जुन्या चित्रांतून आले आहेत.

मग वाघ गेला कुठे? शेती वाढत गेली, जंगल तुटलं, शिकार तर होतीच. १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं. त्या काळात त्रासदायक जनावरं संपवायची म्हणून सरकारनं वाघ, बिबटे, लांडगे मारायची मोहीम काढली. १९१७ साली तर एका श्रीमंत जपानी व्यापाऱ्यानं शिकाऱ्यांची फौज घेऊन हौसेनं वाघाची शिकार केली. पुढच्या काही वर्षांत दक्षिणेतला वाघ संपला.

आता गंमत बघा. जंगलातला वाघ संपत आला, तसा कागदावरचा वाघ मोठा होत गेला. एका जपानी अभ्यासकानं म्हटलं होतं, कोरियाचा नकाशा सशासारखा दिसतो. ते तिथल्या चोए नामसॉन या तरुण लेखकाला झोंबलं. त्यानं १९०८ साली आपल्या मासिकात देशाचा नकाशा पंजा उगारलेल्या वाघाच्या आकारात छापला. आम्ही ससा नाही, असं सांगायला. १९८८ साली सोलला ऑलिंपिक झालं, तेव्हा त्याचं चिन्ह वाघाचं पिल्लू होतं. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकला पांढरा वाघ आला. आणि २०२० साली लीनालची नावाच्या गटानं ते गाणं गाजवलं, जे माझी भाची बघत होती.

आजच्या कोरियन गाण्यांत नुसता वाघच नाही. एक्सो नावाच्या गटानं २०१३ साली लांडग्यावर गाणं केलं, त्यात पोरं आपल्या अंगांचं झाड करून त्यातून लांडगे होऊन निघतात. बीटीएसच्या पोरांना त्यांच्या चाहत्या कोणाला ससा, कोणाला मांजर म्हणून ओळखतात. आपल्या पोरीही म्हणतात. पोरींना त्याबद्दल रागवू नका. आपणही मुलाला 'माझं वासरू' म्हणतोच.

पण त्या वाघाच्या गाण्याची गोष्ट अजून राहिली. ते गाणं मुळात जुन्या पान्सोरीतलं आहे. पान्सोरी म्हणजे एक गाणारा, एक ढोलकं वाजवणारा, आणि तासन्‌तास चालणारी कथा. ऐकणारे मधूनमधून दाद देतात, जशी आपल्याकडे पोवाड्यात जी-जी होते. पूर्वी हे गाणं पुरुषांचं होतं. एकोणिसाव्या शतकात जिन चेसॉन नावाच्या बाईनं ते शिकून राजवाड्यात गायलं, तेव्हापासून बायकांना वाट मोकळी झाली. ही बाई लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

ती कथा अशी. समुद्राचा राजा आजारी पडतो. सशाचं काळीज औषधाला पाहिजे. ते आणायला कासव जमिनीवर जातं. थंड पाण्यातून आल्यामुळे त्याचा जबडा आखडलेला. 'ससेराव' म्हणायला जातं आणि तोंडातून 'वाघराव' निघतं. झालं, वाघ डोंगरातून खाली येतो! कासव कसंबसं त्यातून सुटतं, सशाला फसवून समुद्रात नेतं. तिथं ससा म्हणतो, काळीज तर मी घरी ठेवून आलो.

ओळखीची वाटते ना? आपली माकड आणि मगरीची गोष्ट. पंचतंत्रात आहे, बुद्धाच्या जातककथांत आहे. माकड म्हणतं, काळीज झाडावर राहिलं. अभ्यासक मानतात, की ही गोष्ट बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमधून कोरियात गेली. माकडाचा ससा झाला, मगरीचं कासव झालं. विहारात जातककथा ऐकलेल्या आपल्या कितीतरी बहिणी आहेत. त्यांची ही गोष्ट शेकडो वर्षं प्रवास करून मोबाईलमधून परत घरी आली.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे वाघ गाण्यात नाही, बांधावर आहे. सेलू तालुक्यात बोरचं जंगल २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालं. तिकडच्या बायांना कापूस वेचताना मागं वळून पाहावं लागतं. आपल्या रानांत वाघदेव आहे, त्याला शेंदूर लावतो, नारळ फोडतो. पूर्वी नागपूरकडे मोहरमला अंगावर पिवळे-काळे पट्टे रंगवून माणसं वाघ होऊन नाचायची, त्यात हिंदूही असत, मुसलमानही. पण ज्याच्या दारात खरा वाघ येतो, त्याला वाघाचं बाहुलं गोड वाटत नाही. त्याची भीती आणि त्याचा मान, दोन्ही खरं असतं.

मग आपल्याकडे कोरियाच्या वाघासारखं कोण आहे? जो खरा कमी होत चालला आणि खोटा मोठा होत चालला, असा कोण? माझं उत्तर, बैल.

आपला वर्धा जिल्हा म्हणजे गवळाऊ जातीचं घर. पांढरी गाय, चपळ बैल. आर्वी, कारंजाकडे नंद-गवळ्यांनी ही जात जपली. हेटीकुंडीला तिच्यासाठी सरकारी केंद्र आहे. मराठ्यांच्या फौजेचं सामान हे बैल वेगानं ओढत, असं सांगतात. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला, इंग्रजांच्या गिरण्यांना आपला कापूस हवा झाला. १८६७ साली वर्ध्यावरून नागपूरला रेल्वे गेली. हिंगणघाटच्या कापसाचं नाव विलायतेत झालं. पण शेतातून बाजारापर्यंत तो कापूस नेला कोणी? बंडीला जुंपलेल्या बैलांनी. नांगरणी, वखरणी, डवरणी, सगळं त्यांच्या खांद्यावर.

म्हणून पोळा. आदल्या दिवशी हळद-लोण्यानं खांदे शेकायचे, उद्या जेवायला या म्हणून आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी झूल, घुंगरमाळ, शिंगांना बेगड. गावाच्या तोरणाखाली बैल उभे राहिले, की झडत्या सुरू. झडती म्हणजे नुसतं देवाचं नाव नाही. त्यात सावकार येतो, कापसाचा भाव येतो, पुढारी येतो. कोरियातल्या त्या चित्रातल्या पक्ष्यानं वाघाला चिडवावं, तसं कास्तकार बैलाच्या आडून मोठ्यांना चिडवतो. शेवटी हर हर महादेव केलं, की सगळं माफ.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी लेकरांसाठी तो सुरू केला असं सांगतात. दाराला पळसाच्या फांद्या, लेकरं लाकडी बैल घेऊन घरोघर, बोजारा मागत. आपल्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा बघायला दुरून माणसं येतात. माणसापेक्षा उंच नंदी चाकांवर निघतात. बघून डोळे दिपतात.

पण माझ्या माहेरच्या गोठ्यात आता बंडीचं मोडकं चाक आणि फवारणीचा पंप आहे. ट्रॅक्टर भाड्यानं येतो. बैलजोडीला चारा, कुटार, ढेप परवडत नाही म्हणून भावानं शेवटची जोडी विकली. त्याला मी दोष देत नाही. पण त्या वर्षीपासून आई लाकडी नंदीला तेल चोळते. लाकडी नंदी मोठा होत जातो आणि गोठा रिकामा. कोरियात जे वाघाचं झालं, तेच इथं बैलाचं होऊन राह्यलं.

आता कोणी म्हणेल, पोळा तर पुरुषांचा, त्यात आपलं काय? तोरणाखाली पुरुष, झडती पुरुषांची. आपल्या वाट्याला दारात ओवाळणं आणि पुरणपोळी. पण शेण कोणी काढलं? पाणी कोणी पाजलं? वर्ध्याला १९४१ साली जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघ सुरू केला, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत ते गेले. त्यांच्या मागे हे काम जानकीदेवी बजाज यांनी खांद्यावर घेतलं, संघाच्या अध्यक्ष म्हणून पुष्कळ वर्षं चालवलं. आणि जात्यावरच्या ओव्या आठवा. भावाच्या बैलांचं कौतुक आपल्या आज्यांनी किती गायलं! हेमा राईरकर आणि गी पॉयतवॉं यांनी गावोगाव जाऊन अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. झडती पुरुषांची असेल, पण बैलाचं गाणं आपलंही होतं. जातं गेलं, तसं ते आपल्या हातून सुटलं.

त्या दिवशी मी आईला विचारलं, "आपल्याकडे किती बैल होऊन गेले?" तिनं बोटं मोजली नाहीत, नावं घेतली. मोऱ्या, चांद्या, पाखऱ्या, बांड्या. "चांद्या आला त्या वर्षी तू झाली. पाखऱ्या गेला त्या वर्षी तुझे बाबा दवाखान्यात होते. बांड्या विकून तुझ्या लग्नाचा मांडव घातला." माझ्या घराचा सगळा इतिहास बैलांच्या नावात होता, आणि तो कुठंच लिहिलेला नव्हता. सातबाऱ्यावर बैलाचं नाव नसतं. आईचंही नव्हतं.

गावी परत आल्यावर मी हे बचत गटाच्या बैठकीत सांगितलं. आम्ही रजिस्टर उलटं केलं आणि मागच्या पानापासून लिहायला लागलो. घरात होऊन गेलेल्या बैलांची, गाईंची नावं, आणि त्या-त्या वर्षी घरात काय झालं ते. पहिल्या दिवशी अकरा जणींनी सत्तेचाळीस नावं सांगितली. दोघी रडल्या. एकीनं सांगितलं, तिच्याकडे अजून एक गवळाऊ गाय आहे, पण ती विकायचं घरी चाललं आहे. ती गाय राहावी म्हणून गटातून काही करता येईल का, ह्यावर अजून बोलणं सुरू आहे. चाऱ्याचा हिशोब सोपा नाही.

आणि ती जिन चेसॉन आठवते ना? तिचं नाव घेऊन आमच्यातल्या एका जणीनं झडती जुळवली. ह्या वर्षी तोरणाखाली म्हणणार आहे. म्हणू देतील की नाही, माहीत नाही. ऐका:

गोठा झाला रिकामा, दारी उभा ट्रॅक्टर,
हप्ते भरते बाई, अन् नावाचा तो कास्तकार!

हसू नका, पाठ करा. आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आज विचारा, आपल्या गोठ्यात कोण कोण होतं. पोरीला म्हणा, मोबाईल ठेव दहा मिनिटं, लिहून घे. कोरियाच्या पोरांनी वाघ गेल्यावर त्याचं गाणं केलं. आपल्या गोठ्यात अजून थोडे बैल उभे आहेत. त्यांची नावं ते असतानाच लिहून ठेवू.

येते मग. नमस्कार.