पुरावा समोर असूनही माणूस का मानत नाही?

सन 1200 च्या सुमारास नाईलला पुरेसं पाणी आलं नाही आणि इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. बगदादचे हकीम अब्दुल लतीफ अल-बगदादी (1162-1231) तेव्हा कैरोत शिकवत होते. जवळच्या अल-मक्स इथे मानवी हाडांचा ढीग पडला आहे, असं कळल्यावर ते विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेले. खालचा जबडा दोन हाडांचा जोड आहे, असं जालीनूसने (गॅलेन) लिहून ठेवलं होतं आणि हजार वर्षं सगळे हकीम तेच शिकत होते. अब्दुल लतीफ आणि त्यांच्या साथीदारांनी दोन हजारांहून जास्त कवट्या तपासल्या. जबडा एकाच हाडाचा! जालीनूसचा मान राखूनच त्यांनी लिहिलं की, डोळ्यांची साक्ष त्याच्या शब्दापेक्षा खरी आहे.

तरीही युरोपात जुनीच समजूत चालू राहिली. 1543 मध्ये व्हेसॅलियसने हीच चूक, आणि जालीनूसच्या इतरही बऱ्याच चुका, पुन्हा दाखवल्या, तेव्हा त्याचेच पॅरिसमधले गुरू सिल्व्हियस त्याच्यावर भडकले. त्यांचा युक्तिवाद काय, तर जालीनूस चुकलेला नाही, त्याच्यानंतर माणसाचं शरीरच बदललंय! हे ऐकून आज हसू येतं, पण सिल्व्हियस नामांकित विद्वान होते. म्हणजे पुरावा नाकारायला अडाणी असावं लागत नाही. उलट हुशार माणसाला पळवाटा जास्त सुचतात.

1979 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग झाला. फाशीच्या शिक्षेचे 24 समर्थक आणि 24 विरोधक अशा विद्यार्थ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले. फाशीमुळे खून कमी होतात असं एक सांगत होता, होत नाहीत असं दुसरा. दोन्ही बाजूंनी तेच कागद वाचले. पण आपल्या मताचा अभ्यास प्रत्येकाला भक्कम वाटला, विरुद्ध अभ्यासातल्या खोड्या मात्र बरोबर सापडल्या. शेवटी विद्यार्थ्यांनी स्वतःच सांगितलं की, आपलं आधीचं मत आता आणखी पक्कं झालंय.

कुरआनने ही सवय फार आधी ओळखली आहे. सूरह अल-बकराच्या 170 व्या आयतीत, बापदादा ज्या वाटेने गेले तीच आमची वाट, असं म्हणणाऱ्यांना सवाल केला आहे की, त्या बापदादांना काही समजत नसेल तरीही का? आपण ही आयत नेहमी दुसऱ्यांना ऐकवतो, ही गोष्ट वेगळी.

पण नकारामागे दर वेळी हट्टच असतो असं नाही. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत पोलिओच्या डोसबद्दल अफवा होती की, यामुळे मुलं पुढे नापुंसक होतील. डॉक्टर आकडे सांगत होते, लोक दार लावून घेत होते. आणीबाणीतली सक्तीची नसबंदी त्याच भागातल्या लोकांनी पाहिली होती. शिवाय दवाखान्यात साध्या तापाला औषध मिळत नाही, आणि पोलिओसाठी मात्र माणसं पुन्हा पुन्हा दारात, तर शंका येणारच. आकडे खरेच होते, पण सांगणाऱ्यावर भरवसा नव्हता.

मग इमाम साहेबांनी मशिदीतून एलान केलं, उलेमांनी आवाहनं काढली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्द या संस्था मोहिमेत उतरल्या. मोहल्ल्यातल्याच बाया घरोघर जाऊन आयांशी बोलल्या. डोस तोच होता, माहितीही तीच. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारताला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.