प्लेगच्या मुंबईतील अफवा (1896–1898)

23 सप्टेंबर 1896 रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक ज्वराचा, म्हणजे प्लेगचा रुग्ण असल्याचे जाहीर केले. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगच्या साथीत या रोगाचा जंतू सापडला होता. पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. उंदरांवरील पिसवांचा दुवा 1898 मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवला आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर पालिकेने घाण, दमट घरे आणि रोग्याचा संसर्ग यांना दोष दिला. गटारे धुतली, घरांना चुना फासला आणि रोग्यांना बळजबरीने रुग्णालयात हलवले.

6 ऑक्टोबर 1896 च्या अधिसूचनेने पालिकेला हा सक्तीचा अधिकार मिळाला. त्यानंतर आर्थर रोडच्या रुग्णालयाविषयी, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयाविषयी, गिरणगावात नाना गोष्टी पसरल्या. तिथे रोग्यांना मुद्दाम मारतात, असे लोक बोलू लागले. काही अफवांत मोमियाईची जुनी समजूत डोकावली. माणसाला उलटे टांगून त्याच्या शरीरातून काढलेल्या तेलाला मोमियाई म्हणत, आणि साहेब लोक ते औषधासाठी वापरतात, असा समज प्लेगच्या आधीपासून रूढ होता. त्याच महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. हे काम आपले, अशी कबुली पुढे दामोदर चापेकरांनी दिली. चिडलेल्या राणीने सूड म्हणून मुंबईकरांची काळजे मागवली असून ती रुग्णालयात काढली जातात, अशीही वदंता उठली. 29 ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी रुग्णालयावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी पालिकेने सक्ती सैल केली.

केवळ अडाणीपणा म्हणून या अफवांची बोळवण करता येत नाही, कारण प्रत्येकीच्या मुळाशी लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी होते. रुग्णालयात गेलेले बहुतेक लोक खरोखरच परतत नव्हते. घरचे लोक रोगी लपवून ठेवत, त्यामुळे तो तिथे पोहोचे तो शेवटच्या अवस्थेत. शिवाय प्लेगवर खात्रीचा उपाय डॉक्टरांकडेही नव्हता. आत काय चालते हे नातेवाइकांना दिसत नसे आणि मृतदेहाची चिरफाड होण्याची धास्ती असे. जातपात, सोवळे आणि पडदा यांची फिकीर न करता परके पुरुष घरात शिरत. अशा वेळी ‘रोगी का मेला?’ या प्रश्नाला सरकारी उत्तर अपुरे पडे, तर अफवा मात्र कारणही देई आणि दोषीही दाखवी. तिच्यावर विसंबून रोगी लपवणे ही घरच्यांना खबरदारी वाटे. ती शेजाऱ्याच्या कानावर घालणे हे तर शेजारधर्माचे काम होते.

4 फेब्रुवारी 1897 च्या साथरोग कायद्याने सरकारचे अधिकार आणखी वाढले. तोवर लाखो लोक मुंबई सोडून गेले होते, आणि रोगाबरोबर या गोष्टीही कोकणात, देशावर, गुजरातेत पोहोचल्या. पुण्यात गोऱ्या सैनिकांच्या घरझडत्यांनी संताप पेटला आणि 22 जून 1897 रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. 9 मार्च 1898 रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. यानंतर सरकारने झडत्या आणि सक्तीचे विलगीकरण टप्प्याटप्प्याने आवरते घेतले.

लसीबाबतही तेच घडले. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही सुई हातभर लांब असते, टोचल्यावर पुरुषत्व जाते, बायकांना मूल होत नाही, अशा कंड्या पिकल्या. त्यांवर सरकारी पत्रकांपेक्षा ओळखीच्या माणसांचा उपाय अधिक लागू पडला. विशीतल्या तिसऱ्या आगाखानांनी खोजा समाजासमोर स्वतः लस टोचून घेतली आणि त्यांच्या मागोमाग हजारो खोजांनी ती घेतली. मुंबईत निरनिराळ्या जातींनी व जमातींनी आपापली रुग्णालये उघडली, तर पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय निघाले. आपल्याच माणसांच्या देखरेखीखालील अशा ठिकाणी रोगी नेण्याची भीती कमी होती.

हा विश्वास किती नाजूक होता, ते 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी दिसले. तिथे एका दूषित बाटलीतील लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना निलंबित करण्यात आले आणि निर्दोष ठरायला त्यांना 1907 उजाडावे लागले. दोष लसीचा नसून बाटली हाताळण्यातला होता. पण लस जीव घेते असे आधीपासून मानणाऱ्यांना या एका खऱ्या घटनेने पुरावा मिळाला.