डेमॉनिक रेझरेक्शन : मुंबईतील हेवी मेटल संगीताचा ध्वनी व वारसा

प्रस्तावना :
हेवी मेटल हा संगीतप्रकार इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरात आकारास आला. तेथील ‘ब्लॅक सब्बाथ’ या बँडचा पहिला अल्बम १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ने १९८८ मधील ‘रॉक एन रोल रेनेगेड’ या अल्बमद्वारे स्वरचित इंग्रजी रॉकचा पाया घातला. त्याहून उग्र अशा मेटल संगीतात साहिल माखिजा यांनी २००० मध्ये मुंबईत स्थापन केलेला ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा बँड अग्रगण्य ठरतो. त्याच्या वारशाचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ध्वनीचे स्वरूप :
घशातून काढलेला खर्जातील गुरगुरता आवाज व त्यास छेद देणारे सुरेल गायन, विद्युत गिटारचा घोगरा नाद, दोन्ही पायांनी वाजविलेल्या ड्रमची अखंड द्रुत लय आणि की-बोर्डची भव्य पार्श्वभूमी ही या संगीताची वैशिष्ट्ये होत. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) व ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) या अल्बममध्ये ती ठळकपणे आढळतात. या घडणीवर युरोपीय मेटलचा प्रभाव स्पष्ट दिसतो.

आशयाचे देशीकरण :
‘दशावतार’ (२०१७) या अल्बममध्ये मात्र मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एकेक गीत असून सतार, तबला व बासरी यांचाही उपयोग केलेला आहे. परकीय घाटात देशी आशय ओतण्याचा हा प्रयत्न महत्त्वपूर्ण आहे. तथापि, त्यातील नववे गीत बुद्धावर आहे. ही पारंपरिक यादी महाराष्ट्रात निर्विवाद नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५६ मध्ये नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्टपणे नाकारले आहे. देशी आशय स्वीकारताना त्यासोबत येथील वैचारिक संघर्षही येतो, हे यावरून लक्षात येते.

निष्कर्ष :
स्वतंत्र ध्वनिमुद्रणसंस्था उभारून माखिजा यांनी इतर बँडनाही प्रकाशनाचा मार्ग खुला केला, हा या वारशाचा भक्कम भाग होय. गीतांची भाषा इंग्रजी राहिल्याने मराठी श्रोता त्यापासून बव्हंशी दूर राहिला, ही त्याची मर्यादा होय. वाद्ये व कथा देशी झाल्या, तरी भाषा आणि इतिहासाचे भान यांवाचून देशीकरण अपूर्णच राहते, असे म्हणावे लागते.