बीडहून औषधशास्त्राच्या डॉक्टरेटकडे
बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. देशाचा फार्मसी कायदाही १९४८चाच. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पीएच.डी. आवाक्यात आली. जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकातले.

फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) ही पदवी मात्र २००८ची: बारावी विज्ञाननंतर सहा वर्षे, शेवटचे वर्ष रुग्णालयात, बी.फार्म. झालेल्यांना तीन. संस्थेला किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाची जोड लागते. ग्रामीण भागात खरी अडचण तीच.

अमेरिकेतल्यासारखा फार्म.डी. आणि पीएच.डी. या दोन्ही पदव्यांचा संयुक्त अर्ज इथे रुळलेला नाही. पीएच.डी.साठी पेट (विद्यापीठाची प्रवेश परीक्षा), संशोधन आराखडा, मुलाखत हे सोपस्कार वेगळे. त्यातून तरले तरी मार्गदर्शकाकडे जागा हवी. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थीच घेता येतात.